दमगिरी : एका तवारिखेंतील रोगवर्णनाची तपासणी

(१)

जुन्या तवारिखा व प्रवासवृत्तें वाचतांना रोगाचें किंवा दैवी कोपाचें वर्णन आलें म्हणजे संशोधक बहुधा तेवढा मजकूर ओलांडून पुढें जातो. मोहिमेची तिथि, फौजेचा आंकडा, तहाचीं कलमें हीं टिपून घ्यावयाचीं, आणि ‘तेथील हवा विषारी असल्यामुळें माणसें मेलीं’ अशा वाक्यावर लेखकाच्या भोळेपणाबद्दल किंचित् हसून पान उलटावयाचें, ही आपणां सर्वांचीच रीत आहे. आम्हीही बरीच वर्षें तसेंच केलें. मिर्झा हैदर दुघलात याच्या ‘तारीख-इ-रशीदी’ या फारसी ग्रंथांतील एक उतारा आमचे एक वडीलधारे स्नेही, जे स्वतः फारसी पोथ्यांचे मोठे संग्राहक आहेत, त्यांनीं फार पूर्वीं आम्हांस स्वहस्तें उतरून दिला होता. तिबेटांत शिरलेल्या परक्या माणसांस होणाऱ्या ‘दमगिरी’ नांवाच्या रोगाचें त्यांत वर्णन आहे. त्या नकलेच्या समासांत आमच्या हातचा एकच शेरा होता : ‘अतिशयोक्ति’.

हा शेरा चुकीचा होता, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. साक्षीदार जें डोळ्यांनीं पाहतो तें, आणि त्याचें कारण म्हणून तो जें सांगतो तें, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. कारण खोटें ठरलें म्हणून पाहणी खोटी ठरत नाहीं. हा भेद न केल्यामुळें केवढा अनर्थ ओढवूं शकतो, याचा अनुभव आम्हांस हिमालयाच्या एका मोटाररस्त्यावर आला. तो पुढें योग्य स्थळीं सांगूं. प्रथम ग्रंथाचा विचार करूं.

(२)

आरंभीं शब्दाचा निकाल लावणें अवश्य आहे. मराठी वाचकास ‘दमगिरी’ हा शब्द पाहतांच गिरि म्हणजे पर्वत असें वाटण्याचा संभव आहे, आणि विषयही पर्वताचाच असल्यामुळें ही चूक खरी वाटते. परंतु येथील ‘गिरी’ संस्कृत नव्हे. फारसींत ‘गिरफ्तन्’ म्हणजे धरणें, घेणें. ‘जहांगीर’, ‘आलमगीर’, ‘दस्तगीर’ या नांवांत आणि आपल्या ‘गिरफ्तार’ या शब्दांत तोच धातु आहे. आमच्या दप्तरांतून पदोपदीं आढळणारी ‘मुलुखगिरी’ म्हणजे मुलूख घेणें. त्याच धर्तीवर ‘दमगिरी’ म्हणजे दम, अर्थात् श्वास, धरला जाणें. ‘शिपाईगिरी’, ‘गुलामगिरी’ यांमध्यें वृत्ति किंवा पेशा दाखविणारा जो प्रत्यय आपण लावतों त्याशीं येथें कर्तव्य नाहीं.

याच विकारास मोगल लोक ‘यास’ म्हणतात असें मिर्झा हैदर सांगतो. तिबेटी भाषेंत ‘ला’ म्हणजे खिंड व ‘दुग्’ म्हणजे विष. ‘लादुग्’ म्हणजे खिंडीचें विष. गढवाल-कुमाऊंकडील पहाडी लोक यास ‘बिख’ किंवा ‘विष की हवा’ म्हणत. आमच्या संतवाङ्मयांत विषास ‘विख’ म्हणतात, तेंच हें ‘बिख’. येथेंच एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तिबेटी व पहाडी नांवांत कारण सांगितलें आहे : विष. फारसी नांवांत कारण मुळींच नाहीं. श्वास धरला जातो एवढें लक्षण मात्र आहे. नांव ठेवतांनासुद्धां एकानें उपपत्ति बांधली आणि दुसऱ्यानें पाहिलेलें तेवढेंच सांगितलें.

(३)

ग्रंथकाराची योग्यता कोणत्या दर्जाची, हें पाहिल्यावांचून त्याची साक्ष घेतां येत नाहीं. मिर्झा हैदर हा बाबर बादशहाचा मावसभाऊ. काशगर-यारकंदचा सुलतान सैदखान याच्या पदरीं तो सेनापति होता. पुढें इ. स. १५४० सालीं त्यानें काश्मीर हस्तगत केलें व १५५१ सालीं मरेपर्यंत तेथें सत्ता चालविली. काश्मिरांत असतांनाच, १५४० नंतरच्या पांचसात वर्षांत, त्यानें हा ग्रंथ लिहिला. सैदखानाचा पुत्र अब्दुर्रशीदखान याच्या नांवावरून ग्रंथास ‘रशीदी’ हें नांव पडलें. डेनिसन रॉस यांचें इंग्रजी भाषांतर १८९५ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचें संपादन नेय इलायस यांनीं केलें असून ते स्वतः लदाखांत अधिकारी होते. सारांश, ग्रंथकार त्या मोहिमेंतला सरदार, घटनेनंतर सुमारें दहा वर्षांनीं लिहिणारा, आणि ज्या मुलखाविषयीं लिहितो तो मुलूख घोड्यावरून तुडविलेला, असा आहे.

मोहीम अशी. इ. स. १५३२ सालीं सैदखान तिबेटावर मुलुखगिरीस निघाला. यारकंदाहून लदाखाकडे येणारी ती वाट अत्यंत उंच खिंडींतून येते. त्या वाटेवरील काराकोरम खिंड समुद्रसपाटीपासून सुमारें ५,५०० मीटर उंच आहे. वाटेंतच खानास दमगिरीनें गांठलें व त्याची शुद्ध हरपली. बेशुद्ध स्थितींत त्यास नुब्रा खोऱ्यांत उतरवून आणिलें आणि तेथें तो बरा झाला. पुढल्या वर्षीं, १५३३ सालीं, मिर्झा हैदरास ल्हासाच्या रोखानें पाठवून खान स्वतः यारकंदास परत निघाला, तो पुन्हां त्याच उंच प्रदेशांत आजारी पडला आणि घरीं पोंचण्यापूर्वींच वारला. या दुसऱ्या प्रसंगीं मिर्झा हैदर जवळ नव्हता, हें नमूद केलें पाहिजे. खानाच्या मृत्यूची हकीकत त्यास इतरांकडून कळली. परंतु रोगाचें जें सामान्य वर्णन त्यानें दिलें आहे तें ऐकीव नव्हे. त्यानें त्याच तिबेटांत महिनेच्या महिने काढले होते.

त्या वर्णनाचा सारांश असा : पाठीवर ओझें घेऊन उभा चढ धांवत चढल्याप्रमाणें मनुष्याचा श्वास कोंडतो. झोप येत नाहीं. आलीच, तर डोळा लागतो न लागतो तोंच छाती दडपून मनुष्य दचकून जागा होतो. रोग वाढला म्हणजे शुद्ध जाते, मनुष्य असंबद्ध बडबडूं लागतो, कधीं वाचा बंद होते, आणि हातापायांचे तळवे सुजतात. हें शेवटचें लक्षण दिसल्यावर पुष्कळदां पहांट व न्याहारी यांच्या दरम्यान मृत्यु येतो, कधीं रोगी कांहीं दिवस टिकतो. तेवढ्यांत तो एखाद्या गांवास किंवा किल्ल्यास पोंचला, तर वांचण्याचा संभव असतो. न पोंचला तर मरतो. हा रोग फक्त परक्यांस होतो. तिबेटी लोकांस तो ठाऊक नाहीं व परक्यांस कां होतो हें त्यांच्या वैद्यांसही सांगतां येत नाहीं. घोड्यांसही तो सोडीत नाहीं. एके दिवशीं छाप्यासाठीं नेहमींपेक्षां वेगानें मजल मारली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतात तों तळावरचे दोन हजारांहून अधिक घोडे रात्रींत मेलेले. ग्रंथकाराच्या स्वतःच्या बसावयाच्या चोवीस घोड्यांपैकीं एकवीस त्यांत गेले.

आम्हीं ‘अतिशयोक्ति’ असा शेरा मारला तो याच मजकुरावर. आतां एकेक कलम आजच्या वैद्यकाशीं ताडून पाहूं.

डोळा लागतांच दचकून जाग येणें : उंचीवर झोपेंत श्वास कांहीं क्षण थांबतो व मग एकदम जोरानें चालूं लागतो, असा आलटून पालटून क्रम सुरू होतो, आजचे वैद्य यास नियतकालिक श्वसन म्हणतात. हें लक्षण कोणी कल्पनेनें रचील असें नाहीं. ज्यास तें झालें किंवा ज्यानें शेजारच्या तंबूंत पाहिलें, तोच तें लिहील. तळव्यांची सूज : उंचीवर नवख्या माणसाचे हात, पाय व चेहरा सुजतात हें सर्वमान्य आहे. असंबद्ध भाषण व बेशुद्धि : मेंदूस सूज आल्याचीं हीं स्पष्ट चिन्हें होत. पहांटेच्या सुमाराचा मृत्यु : हा विकार रात्रीं बळावतो, कारण झोपेंत श्वासोच्छ्वास मंद होऊन रक्तांतील प्राणवायु आणखी उतरतो. फक्त परक्यांस होणें : तिबेटी लोकांचें शरीर पिढ्यान्पिढ्या विरळ हवेस सरावलेलें आहे, इतकेंच नव्हे, तर त्यांच्या आनुवंशिक घडणींतच त्यास अनुकूल असा फरक आहे, असें २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांनीं दाखविलें. गांव किंवा किल्ला गांठल्यास वांचणें : त्या देशांत गांवें व किल्ले नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे सखल भागीं असतात. नुब्रा खोऱ्यांतील वस्ती तीन हजार मीटरांच्या थोडी वर आहे. बेशुद्ध सैदखान तेथें बरा झाला तो किल्ल्याच्या भिंतींमुळें नव्हे. तो दोन हजारांहून अधिक मीटर खालीं उतरला होता म्हणून.

राहिला घोड्यांचा आंकडा. दोन हजार ही संख्या मोजून लिहिली कीं अजमासानें, हें सांगतां येत नाहीं, आणि फौजी आंकड्यांविषयीं जो संशय आपण नेहमीं बाळगतों तो येथेंही बाळगावा. परंतु स्वतःच्या पागेंतील चोवीसांपैकीं एकवीस हा आंकडा निराळ्या जातीचा आहे. तो धन्याचा हिशेब आहे. शिवाय ग्रंथकारानें त्या रात्रीचें वैशिष्ट्यही नोंदविलें आहे : त्या दिवशीं फौज नेहमींपेक्षां वेगानें चालली होती.

मिर्झा हैदर एके ठिकाणीं मात्र ठेंचाळला. थंडी जितकी अधिक तितका रोग तीव्र, असें त्यास वाटलें. थंडीनें हा विकार वाढतो हें खरें; पण तें मूळ नव्हे. तरीही परकेपणा, घाई व उतार या तीन गोष्टी, ज्यांवर आजचा सारा उपचार उभा आहे, त्या सोळाव्या शतकाच्या मध्यासच त्याच्या ग्रंथांत नमूद झाल्या होत्या.

(४)

हीच कसोटी इतर साधनांस लावून पाहण्यासारखी आहे. सर्वांत जुना उल्लेख चिनी आहे. हान घराण्याच्या इतिहासांत पश्चिमेकडील देशांविषयीं जें प्रकरण आहे, त्यांत सम्राट् चेंग याच्या कारकीर्दींत (इ. स. पू. ३३ ते ७) तू छिन् नांवाच्या एका मुत्सद्द्याचें भाषण दिलें आहे. कि-पिन, म्हणजे गांधार-काश्मीरकडील राज्य, येथील वकिलांस पोंचविण्यासाठीं चिनी अधिकारी पाठवूं नयेत, असें तो प्रतिपादन करतो. वाटेंत ‘मोठा डोकेदुखीचा पर्वत’ व ‘लहान डोकेदुखीचा पर्वत’ लागतात. तेथें माणसास ताप भरतो, चेहऱ्याचा रंग उडतो, डोकें दुखतें, ओकारी होते, आणि गाढवांची व गुरांची गतही तीच होते, असें तो सांगतो. येथें सावध राहिलें पाहिजे. वक्ता प्रत्यक्षदर्शी नव्हे; शिवाय जाऊं नये हेंच त्यास पटवावयाचें असल्यामुळें वाटेचीं संकटें वाढवून सांगण्यांत त्याचा हेतु होता. तथापि डोकेदुखी व ओकारी हीं दोन लक्षणें एकत्र, तीं विशिष्ट पर्वतांवरच, आणि जनावरांसही, ही जुळणी कोणाच्या तरी खऱ्या अनुभवावरून आलेली आहे. हेतूनें रंग भडक होतो. चित्र बहुधा जुनेंच असतें.

इ. स. ४०० च्या सुमारास आलेला चिनी यात्रेकरू फाहियान हा पामीरकडील पर्वतांत विषारी नाग राहतात व ते कोपले म्हणजे विषारी वारा, बर्फ व वाळू सोडतात, असें लिहितो. पुढें अफगाणिस्थानांतील ‘लहान हिमपर्वत’ ओलांडतांना त्याचा एक सोबती तोंडास पांढरा फेंस येऊन मेला. हें फुप्फुसांत पाणी भरण्याचें लक्षण असावें असें अनुमान सहज सुचतें. परंतु तो पर्वत फारसा उंच नाहीं आणि ग्रंथांत कडाक्याच्या थंड वाऱ्याचा उल्लेख आहे. म्हणून येथें निर्णय न देणें हेंच योग्य. याच न्यायानें कोणी महाप्रस्थानांत द्रौपदी व पांडव एकामागून एक पडले त्याचें कारण विरळ हवा असें म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. तेथें लक्षण एकही सांगितलेलें नाहीं. प्रत्येकाच्या पतनास नैतिक कारण दिलें आहे आणि कवीस तेवढेंच सांगावयाचें आहे. लक्षण नसतांना रोग शोधणें हा दोष, लक्षण असतांना हसणें या दोषाहून लहान नाहीं.

पोर्तुगीज साधनांत आंतोनियु द आंद्रादि या जेझुइट पाद्र्याचें पत्र महत्त्वाचें आहे. हा इ. स. १६०० सालीं गोव्यास आला व १६३४ सालीं गोव्यासच वारला. १६२४ च्या मार्चअखेर तो आग्र्याहून निघाला आणि बदरीनाथच्या यात्रेकरूंच्या मेळ्यांतून जाऊन, माणा खिंड ओलांडून, पश्चिम तिबेटांतील छापरांग येथें पोंचला. ही खिंड सुमारें ५,६०० मीटर उंच आहे. परत आल्यावर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यानें आग्र्याहून पत्र लिहिलें; तें १६२६ सालीं लिस्बनास छापलें गेलें. धडधाकट माणसें या डोंगरांत एकाएकीं आजारी पडून घटकाभरांत मरतात, जमिनींतून निघणाऱ्या विषारी वाफांमुळें असें होतें असें तेथील लोक म्हणतात, असें तो लिहितो. पण स्वतः त्यास तें पटत नाहीं. कडक थंडी व पोटभर अन्नाचा अभाव हेंच कारण असावें असें त्याचें मत. पाहा, घटना एकच आहे. लोकांची उपपत्ति एक, पाद्र्याची दुसरी, आणि दोन्ही चुकीच्या. तरी घटना जशीच्या तशी उरते.

विल्यम मूरक्रॉफ्ट हा इ. स. १८१२ सालीं गोसाव्याच्या वेषांत नीती खिंडीनें मानसरोवरास गेला. चढावर कांहीं पावलांगणिक दम घेण्यास थांबावें लागत होतें, असें त्यानें नमूद केलें आहे. १८१५ सालीं जेम्स फ्रेझर यमुना-गंगांच्या उगमाकडे गेला, तेव्हां पहाडी लोक हा त्रास फुलांच्या विषारी वासानें होतो असें म्हणत होते. ही समजूत निराधार खरी, पण निर्बुद्ध नव्हे. त्या उंचीच्या कुरणांत बचनागासारख्या अत्यंत विषारी वनस्पति खरोखरच उगवतात. विष तेथें होतेंच. त्रासही तेथेंच होत होता. दोहोंची सांगड घालण्यांत मात्र चूक झाली.

खऱ्या कारणाच्या सर्वांत जवळ एक स्पॅनिश पाद्री पोंचला होता. जोसे द आकोस्ता हा पेरू देशांतील पारियाकाका पर्वतावर ओकाऱ्यांनीं बेजार झाला, आणि खालीं उतरतां उतरतां बरा झाला. १५९० सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें लिहिलें कीं, तेथील हवा इतकी सूक्ष्म व विरळ आहे कीं ती मनुष्याच्या श्वसनास पुरत नाहीं. वायुभारमापक यंत्र निघण्यापूर्वीं अर्धें शतक त्यानें हें म्हटलें.

(५)

पुढील इतिहास संक्षेपानें सांगतां येतो. टोरिचेल्लीनें १६४३ च्या सुमारास हवेस भार आहे हें पाऱ्याच्या नळीनें दाखविलें. १६४८ सालीं पास्कालच्या सूचनेवरून त्याच्या मेव्हण्यानें ती नळी फ्रान्समधील एका डोंगरावर नेली आणि वर जावें तसतसा हा भार कमी होतो हें सिद्ध केलें. १८७८ सालीं पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें हवेच्या दाबावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या रोगाचें मूळ प्राणवायूच्या तुटवड्यांत आहे हें प्रयोगांनीं दाखविलें. हवेंतील प्राणवायूचें प्रमाण सर्वत्र शेंकडा सुमारें एकवीसच असतें. परंतु ५,५०० मीटरांवर हवेचा एकूण दाबच निम्म्यावर येतो, म्हणून प्रत्येक श्वासांत प्राणवायूही निम्माच मिळतो. विष हवेंत मिसळलेलें नव्हतें. हवाच कमी होती.

आमच्या देशांत या ज्ञानाची किंमत १९६२ सालच्या चीनशीं झालेल्या युद्धांत व त्यानंतर चुकती झाली. मैदानांतील शिपाई विमानांनीं व मोटारींनीं एकदम उंच ठाण्यांवर नेले गेले आणि शेंकडों आजारी पडले. इंदरसिंग व त्यांचे सहकारी लष्करी डॉक्टर यांनीं १,९२५ शिपायांच्या आजाराचा अभ्यास करून १९६९ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, तो या विषयांत जगभर प्रमाण मानला गेला. मिर्झा हैदरची फौज ज्या लदाखांत दमगिरीनें पिडली, त्याच लदाखच्या व इतर हिमालयीन ठाण्यांच्या अनुभवांतून हें शास्त्र पक्कें व्हावें, हा योगायोग नव्हे. घाईनें चढणारी परकी फौज ही दोन्ही वेळां समान होती.

(६)

आतां आमची स्वतःची हकीकत. कांहीं वर्षांपूर्वीं उन्हाळ्यांत लेह येथील एका जुन्या व्यापारी घराण्याकडील फारसी कागद पाहावे या हेतूनें आम्ही व वर उल्लेखिलेले स्नेही मनालीहून मोटारीनें निघालों. स्नेह्यांचें वय साठीच्या पुढें, प्रकृति निरोगी. मनाली सुमारें दोन हजार मीटरांवर आहे. त्याच दिवशीं सायंकाळीं ४,८९० मीटरांची बारालाचा खिंड ओलांडून सरचूच्या माळावर तंबूंत मुक्कामास आलों. त्या ठिकाणची उंची सुमारें ४,३०० मीटर. जी चढण चारपांच दिवसांत चढावयाची ती एका दिवसांत झाली होती. मोटारीचे श्रम घोड्याहून कमी, म्हणून धोकाही कमी, असा आमचा ग्रह होता. वस्तुतः धोका श्रमांत नसून वेगांत आहे.

रात्रीं स्नेह्यांचें डोकें भयंकर दुखूं लागलें व दोनतीनदां ओकारी झाली. डोळा लागे आणि ते दचकून उठून बसत. आम्हीं प्रवासाचा शीण समजून त्यांस स्वस्थ निजविलें. सकाळीं त्यांस बुटाचे बंद बांधतां येईनात. चालूं लागले तर पावलें मद्यप्याप्रमाणें वांकडीं पडूं लागलीं. आम्हीं पुसलें एक, तर ते उत्तर देत भलतेंच. तरीसुद्धां, आजचा दिवस कळ काढावी, संध्याकाळीं लेहला पोंचूं, असें आम्ही म्हणत होतों. लेह सरचूपेक्षां सखल, साडेतीन हजार मीटरांवर आहे, हें खरें. पण मध्यें लाचुंग ला सुमारें ५,०६० मीटर व तांगलांग ला ५,३२८ मीटर, अशा खिंडी आहेत आणि वाट अडीचशें किलोमीटरच्या घरांतली. मोटार हांकणारा लाहुलचा तरुण होता. त्यानें स्नेह्यांकडे एकदां पाहिलें आणि पुढें नेण्यास साफ नकार दिला. माघारीं बारालाचा एकदां चढली कीं पुढें सारा उतार आहे, असें सांगून त्यानें आमच्या संमतीची वाट न पाहतां गाडी वळविली.

खिंडीवर स्नेह्यांची शुद्ध जवळजवळ गेली होती. उतार लागला, दारचा आलें, तेव्हां त्यांनीं आपण होऊन पाणी मागितलें. केलाँग येथें, सुमारें ३,१०० मीटरांवर, डॉक्टरांनीं प्राणवायु लावला व मेंदूची सूज उतरविणारें औषध टोंचलें. पुढें नेलें असतें, किंवा सरचूस आणखी एक रात्र काढली असती, तर मनुष्य हातीं लागला नसता, असें त्यांनीं आम्हांस स्पष्ट सांगितलें. त्या तरुणानें मिर्झा हैदर वाचला नव्हता. आम्हीं वाचला होता. फरक इतकाच कीं, त्याच्या वाडवडिलांनीं त्यास जें सांगितलें तें त्यानें खरें मानलें, आणि आम्हीं जें वाचलें त्यावर शेरा मारला.

त्या वाटेनें जाणाऱ्या वाचकांसाठीं नियम थोडक्यांत देतों. ते वैद्यांचे आहेत, आमचे नव्हेत. तीन हजार मीटरांच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसांत पांचशें मीटरांहून अधिक वाढवूं नये आणि दर तीनचार दिवसांनीं एक दिवस त्याच उंचीवर विसांवा घ्यावा. नव्या उंचीवर डोकें दुखूं लागलें, तर दुसरें कारण सिद्ध होईपर्यंत तें उंचीचेंच समजावें व बरें वाटेपर्यंत वर चढूं नये. तोल जाणें, भाषण असंबद्ध होणें, किंवा स्वस्थ बसलें असतांही धाप लागणें, यांपैकीं एकही चिन्ह दिसतांच, रात्र असो वा दिवस, रोग्यास खालीं न्यावें; एकट्यास सोडूं नये. ॲसिटाझोलामाइड नांवाचें औषध आगाऊ घेतल्यास शरीर लौकर सरावतें, पण तें डॉक्टरांस विचारूनच घ्यावें. औषध वा प्राणवायु उतरण्याची जागा घेत नाहीं. रस्त्यावरील पाट्यांवरही फार विसंबूं नये. लेहजवळील खारदुंग खिंडीच्या माथ्यावर १८,३८० फूट असा आंकडा दीर्घकाळ झळकत असे. आधुनिक मोजणीनें ती उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारें १७,५८० फूट, ठरली आहे. शिलालेखाप्रमाणें पाटीचीही तपासणी लागते.

(७)

संग्राहकांस एक विनंति करून हा लेख पुरा करतों. काश्मीर, लदाख, गढवाल, कुमाऊं, नेपाळ, तिबेट या वाटांवरील यात्रेकरू, गोसावी, व्यापारी किंवा फौजी यांचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांत विषारी वारा, बिख, दम कोंडणें, डोकेदुखीचा डोंगर, नागाचा किंवा देवतेचा कोप, जनावरें एकाएकीं मरणें अशा मजकुराकडे दुर्लक्ष करूं नये. संपादन करितांना तो गाळूं नये व त्याचा सारांशही करूं नये. कोणत्या तिथीस, कोणत्या मुक्कामीं, किती मजल मारल्यावर, कोणास काय झालें, हें शब्दशः द्यावें. लेखकानें सांगितलेलें कारण टीपेंत तपासावें. त्यानें सांगितलेलें लक्षण मात्र मूळ मजकुरांतच राहूं द्यावें. हिमालयाच्या वाटांचा, तेथील मोहिमांच्या यशापयशाचा आणि त्या वाटांवर मेलेल्या माणसांचा इतिहास अशा मजकुरावांचून पुरा होणार नाहीं.

आमचे स्नेही पूर्ण बरे होऊन परतले. तो उतारा आम्हीं त्यांच्यासमोर पुन्हां काढला, तेव्हां त्यांनीं समासांतील शेरा वाचला व कांहीं न बोलतां आपली लेखणी पुढें केली. ‘अतिशयोक्ति’ हा शब्द आम्हीं खोडला असून त्याच्या जागीं ‘समक्ष पाहिलेलें’ असें लिहिलें आहे.